गाडीत न बसण्याची तालीम

हे मी रागात लिहिते आहे. राग शांत झाल्यावर लिहू म्हणून बरेच दिवस थांबले, पण तो शांत व्हायचं नाव घेईना. मग म्हटलं, आहे तोवरच लिहून टाकावं. ज्यांना साखरेचा आजार आहे, चालताना ज्यांच्या पोटऱ्या धरतात आणि ज्यांना घरचे मायेने सांगतात, "दुखतंय ना, मग कशाला चालतेस?" अशांसाठी हे आहे. मायेने सांगणाऱ्यांनीही वाचलं तर बरं होईल. पण ते वाचणार नाहीत, ते मला गाडीत बसवायला निघालेले असतील.

मी सुनंदा. पडघ्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. पन्नाशी ओलांडली आहे, साखरही आहे. नोकरीला लागले तेव्हापासून याच गावात आहे, लग्नही इथेच झालं, त्यामुळे गावातली निम्मी तरुण माणसं माझ्या हाताखालून गेलेली. मला कुणी नावाने हाक मारत नाही. सगळ्यांची मी 'बाई'. याचा मला फार अभिमान होता. आता तो कमी झाला आहे, का ते पुढे येईलच.

शाबासकी

सुरुवात पोटरीपासून झाली. शाळेतून घरी चालत येताना उजवी पोटरी दगडासारखी घट्ट व्हायची. थांबलं की सुटायची, चालू लागलं की पुन्हा धरायची. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाले, "वय झालं बाई. चालणं कमी करा." मी चालणं कमी केलं. माझे मिस्टर दिनकर, त्यांचं पडघ्याला हार्डवेअरचं दुकान आहे, ते मला रोज सकाळी स्कूटरवरून शाळेत सोडू लागले. दुपारी आणायला कुणाला तरी पाठवायचे. सगळ्यांना वाटलं, बाईंची छान सोय झाली.

मग सिंधूवन्सं आल्या. मिस्टरांची थोरली बहीण, गावातच दिलेली. मनाने उदार आणि कुणाचं काही ऐकून न घेणारी बाई.

"डॉक्टर-बिक्टर ऱ्हाऊं दे गो," त्या म्हणाल्या. "अकलोलीला जाव. गरम पान्यात पाय बुडवलंस का शिरा मोकल्या व्हतील."

गेलो. अकलोलीची कुंडं गरम असतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तेव्हा कुंडाचा काही दोष नाही. वन्संनी त्यातल्या त्यात जास्त गरम कुंड निवडलं. पायरीवर बसून पाऊल टेकवलं आणि "आई गो!" करत वर घेतलं. मी दोन्ही पाय घोट्यापर्यंत सोडले आणि तशीच बसून राहिले.

"तुला भाजत न्हाय काय गो?"

"नाही. छान वाटतंय."

वन्संनी बाजूच्या बायकांना हाक मारून दाखवलं. "बघा, ही आमची भावजय! मना टेकवत न्हाय नि ही आरामात बसलीय!" बायकांनी माझं कौतुक केलं. बाईंचं सोसणं बघा, म्हणाल्या. आणि मी, इतकी शिकलेली बाई, कौतुक ऐकत पाय तसेच ठेवून बसले. ते आठवलं की मला आजही आपल्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी अंगठ्याशेजारच्या बोटाला फोड आला. तो फुटला, चिघळला, वन्संनी त्यावर हळद भरली. बोट काळं पडलं तेव्हाही घरात सगळे म्हणत होते की आतली घाण बाहेर पडते आहे.

नाडी

भिवंडीच्या एका इस्पितळात सर्जननी माझं पाऊल हातात घेतलं आणि घोट्याजवळ, मग पावलाच्या वरच्या बाजूला बोटं ठेवून चाचपत राहिले. मी विचारलं, काय शोधताय? ते म्हणाले, "नाडी." पायालाही नाडी असते हे मला त्या दिवशी कळलं. पायाची नाडी असते हे कळलं आणि ती माझ्या पायाला लागत नाही हेही लगेच कळलं.

"हे भाजलं कुठे?"

"भाजलं नाही डॉक्टर, शेकलं आहे." मी त्यांना कुंडाची हकीकत सांगितली. इतकं गरम पाणी मला काहीच वाटलं नाही, हेही सांगितलं, आणि सांगताना आवाजात थोडी ऐट होती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, साखरेने तुमच्या पावलांची जाणीव गेली आहे. तुम्ही सोसलं नाही. तुम्हाला कळलंच नाही." मग म्हणाले, पायाला रक्त पोचवणारी वाट आतून बुजत आली आहे, पोटरी त्यामुळे ओरडत होती. ती वाट आत बारीक फुगा घालून, तो फुगवून मोकळी करून बघू. बोट मात्र वाचणार नाही.

मिस्टर म्हणाले, "पण घरी तर सगळे म्हणत होते..." वन्सं भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. मला त्या क्षणी रडू आलं नाही. मला त्या सगळ्यांना त्या कुंडात उभं करावंसं वाटलं, आणि डोळ्यांत तेल घालून पाहावंसं वाटलं की किती वेळ टिकतात.

वॉर्ड

वॉर्डातले दिवस एकसारखे होते. सकाळी बोटाला टोचून साखर, मग चहा, मग सगळ्यांची नजर दाराकडे, कारण ड्रेसिंगची ट्रॉली तिथूनच यायची. जिथे बोट होतं तिथली पट्टी सुटताना मी छताकडे बघायची. तिथली सिस्टर पट्टी ओढण्याआधी दर वेळी सांगायची, "बाई, आता ओढते हं." एवढंच. पण त्या आजारपणात मला न विचारता कुणी ना कुणी काहीतरी करतच होतं, आणि ही एकटी आधी सांगत होती. मी तिला जन्मभर दुवा देईन.

भेटायला माणसं येत. शहाळी आणत, आणि ती साखरेला चालत नाहीत म्हटलं की तोंड पाडत. सगळे एकच बोलत, "आता फक्त आराम करायचा बाई. पाय हलवायचा नाही."

घरी सोडताना सर्जन बरोबर उलट बोलले. "वाट मोकळी केली आहे, पण ती मोकळी राहणं तुमच्या चालण्यावर आहे. जखम भरली की रोज चालायचं. पोटरी दुखेपर्यंत चालायचं, दुखली की उभं राहायचं, सुटली की पुन्हा चालायचं. आजूबाजूच्या बारीक वाटा त्यानेच उघडतात. नाही चाललात तर पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही." आणि त्यांनी हाताची कड माझ्या गुडघ्याखाली आडवी ठेवली. इतक्या सहज ठेवली की मला त्यांचाही राग आला.

हिरवळीवरचं जोडपं

इस्पितळाच्या भिंतीवर चालण्याचं महत्त्व सांगणारं एक चित्र आहे. पांढऱ्या बुटातलं वयस्क जोडपं हिरवळीवर हसत चाललं आहे. भिवंडी तालुक्यात अशी हिरवळ कुठे आहे ते मला कुणीतरी दाखवा. आमच्या गावाचा रस्ता एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला गोदामं असा आहे. मधून ट्रेलर जातात आणि कडेने आपण जायचं.

तरीही जखम भरल्यावर मी निघाले. डॉक्टरांनी लिहून दिलेले मऊ बूट घातले. घर, मारुतीचं देऊळ, चहाची टपरी, ट्रकचं वजन करतात तो काटा आणि परत, एवढं ठरवलं होतं. टपरीपाशी पोटरी धरली. नियमाप्रमाणे उभी राहिले. आणि एक मोटरसायकल कचकन थांबली.

"बाई! रस्त्यात कशा उभ्या? बसा, सोडतो."

"नको रे, मी चालायला निघाले आहे."

"असं कसं नको? बसा ना बाई!"

आपल्याकडे पहिला नकार हा नकार नसतोच. पंगतीत 'पुरे' म्हणणाऱ्याच्या पानात वाढणारा आणखी एक भाकरी टाकतो, तसंच हे. मी दुसऱ्यांदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. तोवर मागे टेम्पो थांबला, त्यातून दुसरा विद्यार्थी उतरला, आणि दोघांनी मिळून मला टेम्पोत बसवलं. मी चौथीत त्यांना शिकवलं होतं, म्हाताऱ्या माणसाला आधार द्यावा. इतकं नीट शिकवायला नको होतं.

रोज हेच. चालताना एक वेळ माणसं जाऊ देत, पण मी उभी राहिले की संपलं, आणि उभं राहणं हेच तर माझं औषध. मग दुकानावर निरोप जाऊ लागले. 'शेठ, बाई वजनकाट्यापाशी उन्हात उभ्या होत्या.' मिस्टर घरी येऊन चिडचिड करायचे. "लोक म्हणतात, घरात स्कूटर आहे, मारुती गाडी आहे, आणि बायको पायी हिंडते. माझी शोभा होते."

"आणि पाय कापल्यावर?"

"तसं कुठे म्हणतोय मी?"

तसं कुणीच म्हणत नव्हतं. पण मी चालणं सोडलं. लाजून नव्हे, थकून. रोज दुखण्याशी भांडायचं आणि वर गावाशीही भांडायचं, एवढं बळ माझ्याकडे नव्हतं. मी घरात बसले आणि सगळे खूश झाले.

डोळे मिटून

तपासणीला गेले तेव्हा इस्पितळातल्या व्यायाम शिकवणाऱ्या रुखसाना मॅडमनी विचारलं, चालता किती? मी खोटं सांगितलं. त्यांनी माझे बूट उलटे करून त्यांचे तळ बघितले. जवळजवळ नवेकोरे.

"बाई, पाँव को बाद में सिखाएंगे. आधी डोकं चालायला शिकवू या. आँखें बंद करा."

मला संताप आला. नोकरीत मी असले कितीतरी प्रशिक्षणाचे तास सोसले आहेत, डोळे मिटा, सकारात्मक व्हा. मी त्यांना तोंडावर म्हटलं, "मॅडम, माझी वर्गातली मुलं डोळे मिटायला सांगितलं की झोपतात."

"झोपा. पण आधी घरून निघा," त्या म्हणाल्या. "मनात बूट घाला. लेस बांधा. दरवाज्याची कडी लावा. हं, आता कुठे आलात?"

मी सांगू लागले. देऊळ आलं, टपरी आली, पोटरी धरली, थांबले, सुटली, काट्याला वळसा घातला, परत आले. अगदी छान झालं.

"रस्त्यात कोण भेटलं?"

"कुणी नाही."

"मग तो तुमचा रस्ता नाही, बाई. ये तो पोस्टर का रास्ता है." त्या भिंतीवरच्या जोडप्याकडे बघून हसल्या. "मनात रिकाम्या रस्त्यावर चालाल तर खऱ्या रस्त्यावर पहिल्याच माणसाशी हाराल. जे जे आडवं येतं ते सगळं आत घ्या. दुखणं घ्या. माणसं घ्या. कोण काय बोलतो ते ऐका, आणि आपण काय बोलणार ते आत्ताच ठरवा. तिथे उभं राहून ठरवायचं नाही. तिथे फक्त बोलायचं."

"आणि रागाचं काय करू?"

"तो पण घ्या बरोबर. इतका चांगला गुस्सा घरी का ठेवता?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणी मला शांत व्हायला सांगितलं नाही. मी बसमध्ये बसून रडले.

तालीम

रोज शाळा सुटल्यावर, मुलं गेलेल्या वर्गात, मी खुर्चीवर डोळे मिटून बसू लागले. मनातला रस्ता भरू लागला. टपरीवाल्याचा धूर आला. ट्रेलरचा हॉर्न आला. पोटरी कुठे धरते, आधी खालून गाठ येते मग वर चढते, हे मी मुद्दाम आठवायची. आधी तिथे पोचलं की मनातही मी घाबरायची. मग एक दिवस मला कुंड आठवलं. तिथे काहीच दुखलं नव्हतं आणि माझं बोट गेलं. इथे दुखतं आहे. म्हणजे पोटरीला कळतं आहे, ती अजून माझ्याशी बोलते आहे. हे मला कुणी शिकवलं नाही, आणि यामुळे दुखणं एक कणही कमी झालं नाही. पण ते आलं की मी त्याच्या शेजारी उभी राहू लागले.

माणसांचं अवघड होतं. नको म्हणून चालत नव्हतं. आजाराची गोष्ट सांगावी तर ती सांगेपर्यंत चार गाड्या जमायच्या आणि जास्तच आग्रह व्हायचा. मनात मी एकेका विद्यार्थ्याला थांबवून बघितलं, वेगवेगळी वाक्यं बोलून बघितली. सगळी वाक्यं विनंती होती. मग माझ्या लक्षात आलं, मी या पोरांना आयुष्यात कधी विनंती केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी निघाले. टपरीपाशी पोटरी धरली, उभी राहिले, आणि ठरल्यासारखी मोटरसायकल थांबली. तोच.

"बाई, बसा ना!"

"गाडी बंद कर. उतर. चल माझ्याबरोबर काट्यापर्यंत."

त्याचं तोंड चौथीत होतं तसंच झालं. "बाई, मना ड्युटी हाय..."

"मग जा ड्युटीवर. थांबलास कशाला?"

तो गेला. मागून टेम्पोवाला आला, त्यालाही तेच, उतर. तो खरंच उतरला, टेम्पो कडेला लावून काट्यापर्यंत आला, आणि वाटेत धापा टाकत त्यालाही साखर निघाल्याचं सांगितलं. पंधरवडा गेला असेल नसेल, गावात बातमी पसरली की बाईंच्या जवळ गाडी थांबवली तर बाई उतरवतात आणि चालवतात. आता लांबून हॉर्न वाजतो, हात हलतो, गाडी पुढे जाते. मिस्टरांच्या दुकानावर निरोप अजून येतात. त्यांना मी सांगितलं आहे की जो निरोप आणेल त्याला संध्याकाळी माझ्याकडे पाठवा. त्यांनी अजून कुणाला पाठवलं नाही. शोभेचं बोलणं मात्र बंद केलं आहे.

मधे आळसाचे दिवस येतात. जोराचा पाऊस, शाळेची तपासणी, नुसता कंटाळा. तो दिवस बुडला की पूर्वी मला वाटायचं, सगळं बुडालं. आता बुडालेला दिवसही मी तालमीत घेते. उद्या निघताना मन काय कारण काढेल, आणि मी त्याला काय म्हणेन. मन मोठं लबाड आहे, पण त्याची कारणं तीच तीच असतात, माझ्या वर्गातल्या मुलांसारखी.

मागच्या तपासणीला सर्जननी पुन्हा पाऊल हातात घेतलं. बराच वेळ शोधलं. "आहे," ते म्हणाले. "बारीक आहे, पण आहे. थांबू नका."

वन्सं

इस्पितळातून आल्यापासून मी वन्संशी कामापुरतं बोलत होते. त्या डबे पाठवायच्या, मी डबे धुऊन परत करायची. त्या घरी आल्या की मला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं. मिस्टर म्हणायचे, "तिने मुद्दाम केलं का?" मुद्दाम केलं नाही, हे मला त्यांच्याइतकंच माहीत आहे. म्हणूनच तर राग कुठे ठेवावा ते कळत नाही. मुद्दाम केलं असतं तर सोपं होतं.

परवा टपरीच्या पुढे पोटरी धरून मी उभी होते. पडघ्याच्या बाजाराला निघालेली रिक्षा थांबली. रिक्षावाला माझा विद्यार्थी, त्याने थांबवायला नको म्हणून मान हलवली होती हे मला दिसलं. पण मागे वन्सं होत्या, आणि त्यांच्यापुढे कुणाचं काय चालतं?

"सुनंदा, चल बस. कवरी उभी ऱ्हाशील उन्हात?"

तोंडातून सवयीने निघून गेलं, "उतरा."

रिक्षावाल्याने खाली बघितलं. वन्संना आजवर कुणी असं बोललेलं नसेल. त्यांनी पिशवी उचलली आणि उतरल्या. रिक्षा गेली. पोटरी सुटली तशी मी चालू लागले आणि त्या शेजारून चालू लागल्या. पायात साध्या चपला, गुडघे दुखणारे, एका हाताने पदर सावरत. काट्याच्या अलीकडे माझी पोटरी पुन्हा धरली. मी थांबले, त्याही थांबल्या. एक ट्रेलर अंगावर धूळ उडवून गेला.

"मी माजा पाय वर घेतला न गो," वन्सं म्हणाल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. "मना भाजलं तवा मी माजा काढला. नि तुजा तसाच ठेवला. वर चार बायांना बोलवून दावला."

मनातल्या रस्त्यावर मी सगळं गाव चालवलं होतं. टेम्पोवाले, दुकानावर निरोप नेणारे, मिस्टर, सगळ्यांना माझं वाक्य तयार होतं. वन्संना मी त्या रस्त्यावर कधी आणलंच नव्हतं. मुद्दाम आणलं नव्हतं. त्या रडत होत्या. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवावासाही वाटत होता. मी ठेवला नाही. 'जाऊ दे' असंही म्हटलं नाही, कारण गेलेलं नाही. बोट गेलं आहे, आणि उरलेला पाय वाचेल की नाही हे मला रोज चालून विचारावं लागतं.

पोटरी सुटली. मी म्हटलं, "चला."

काट्याला वळसा घालून आम्ही परत फिरलो. त्यांचा बाजार राहिला. देवळापाशी त्यांना त्यांच्या घराकडे वळायचं होतं. वळताना त्यांनी विचारलं, "उद्या कवा निंगतेस?"

मी त्यांच्या पावलांकडे बघितलं. टाचा फाटलेल्या, चपलेची कड घासून एक बोट लाल झालेलं.

"शाळा सुटल्यावर," मी म्हटलं. "आणि चपला घालून येऊ नका, वन्सं. बूट घाला."